विश्लेषण : घरच्या घरी सर्किट बोर्ड करायचा, तर प्रिंटरसाठी फिल्म कोणती घ्यावी?

अभियांत्रिकीचा प्रकल्प असो वा जुन्या यंत्रातील जळालेले कार्ड, एक-दोनच सर्किट बोर्ड हवे असले की अनेक जण ते घरीच तयार करतात. या कामातील पारदर्शक फिल्म ही सर्वांत स्वस्त वस्तू. तिची निवड चुकली तर मात्र तांब्याचा बोर्ड, रसायने आणि दोन-तीन दिवस असे सगळेच वाया जाते. दुकानात मिळणारी प्रत्येक ‘ओएचपी शीट’ या कामाला का चालत नाही, याचा आढावा.

नागपुरात सेमिस्टर संपत आले की सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. आयसी, रेझिस्टर, सेन्सर हे सुटे भाग तिथे मिळतात. मात्र ते ज्यावर बसवायचे तो बोर्ड प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा लागतो. बाहेरच्या कारखान्याकडून मागवायचा तर एकाच्या जागी पाच-दहा नगांची मागणी द्यावी लागते आणि कुरिअरची वाट पाहावी लागते. सादरीकरण चार दिवसांवर आलेल्या विद्यार्थ्याला किंवा हिंगणा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्र दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला तेवढा वेळ नसतो. मग घरचा इंकजेट प्रिंटर आणि पारदर्शक फिल्म यांचा आधार घेतला जातो.

बोर्ड तयार करण्यात फिल्मचे काम काय?

सर्किट बोर्डच्या कच्च्या पट्टीवर तांब्याचा पातळ थर असतो. सर्वसाधारण बोर्डवर त्याची जाडी ३५ मायक्रॉन असते. जिथे वीज वाहायला हवी तेवढ्या रेषा, म्हणजे ट्रॅक, ठेवून बाकीचे तांबे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळवून टाकायचे, हे मूळ काम. ट्रॅकवरचे तांबे वाचवण्यासाठी बोर्डवर आधी फोटोरेझिस्ट हा प्रकाशसंवेदी थर चढवतात. त्यावर छापील फिल्म ठेवून वरून अतिनील किरण सोडले, की फिल्मच्या पारदर्शक भागाखाली किरण पोहोचतात आणि काळ्या भागाखाली अडतात. नंतर डेव्हलपरच्या द्रावणात थराचा नको असलेला भाग धुऊन जातो आणि उरलेला भाग खालच्या तांब्याचे रक्षण करतो.

म्हणजे फिल्म ही इथे एक चाळणी आहे. तिच्याकडून दोनच अपेक्षा असतात : काळ्या भागाने अतिनील किरण पूर्ण अडवावेत आणि कोऱ्या भागाने ते जाऊ द्यावेत. फिल्म दिसायला किती स्वच्छ, किती चकचकीत हा मुद्दा दुय्यम आहे.

ही पद्धत आली कुठून?

छापील सर्किटची कल्पना मुळात छपाईच्या धंद्यातूनच आली. व्हिएन्नात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांचा तिथल्या छपाई व्यवसायाशी संबंध आला होता. १९३६ मध्ये ते ब्रिटनला गेले आणि तिथे त्यांनी छापील सर्किट वापरून रेडिओ तयार केला. १९४३ मध्ये त्यांनी या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला.

संगणकावरून थेट प्लेट काढण्याचे तंत्र येण्यापूर्वी वृत्तपत्रेही याच मार्गाने छापली जात. पानाची फिल्म काढायची, ती प्रकाशसंवेदी थर असलेल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ठेवायची, अतिनील प्रकाश द्यायचा आणि प्लेट धुवायची. लग्नपत्रिका, टी-शर्ट छापणारे स्क्रीन प्रिंटर आजही अशाच फिल्मने जाळी ‘एक्स्पोज’ करतात. त्यामुळे बोर्डसाठी उपयोगी फिल्म स्टेशनरीच्या दुकानापेक्षा स्क्रीन प्रिंटिंगचे साहित्य विकणाऱ्याकडे मिळण्याची शक्यता अधिक असते.

इंकजेटची फिल्म वेगळी का असते?

कागद शाई शोषतो, प्लास्टिक शोषत नाही. साध्या पॉलिस्टर शीटवर इंकजेटने छापले तर शाईचे थेंब अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होतात आणि बोट लागताच पुसले जातात. म्हणून इंकजेट फिल्मच्या एका बाजूला शाई धरून ठेवणारा लेप दिलेला असतो.

हा लेप दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात पाणी शोषून फुगणारे पॉलिमर असते. अशी फिल्म काचेसारखी स्वच्छ दिसते; मात्र शाई सुकायला वेळ लागतो आणि दमट हवेत पृष्ठभाग चिकट होतो. दुसऱ्या प्रकारात सिलिकासारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्यामधील छिद्रांत शाई लगेच शिरते. ही फिल्म किंचित दुधट दिसते, पण लवकर सुकते, पाण्याला टिकते आणि भरपूर शाई पेलते. स्क्रीन प्रिंटिंगच्या बाजारात ‘वॉटरप्रूफ इंकजेट फिल्म’ नावाने मिळणारी फिल्म बहुधा या प्रकारची असते. तिच्या दुधटपणाला बिचकण्याचे कारण नाही. एक्स्पोजरची वेळ थोडी वाढवली की काम होते. बोर्डसाठी या दोहोंपैकी निवड करायची झाल्यास दुधट फिल्मच अधिक भरवशाची.

‘ओएचपी शीट’ मागितली तर काय मिळते?

गोंधळाची सुरुवात इथेच होते. या नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, प्रोजेक्ट रिपोर्टच्या स्पायरल बाइंडिंगला मुखपृष्ठ म्हणून लावतात ती साधी पारदर्शक शीट. तिच्यावर कसलाच लेप नसतो. इंकजेटसाठी ती निरुपयोगी. दुसरी, झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरसाठीची उष्णतारोधक शीट. तिच्यावर टोनर बसतो, इंकजेटची शाई नाही. तिसरी, खास इंकजेटची लेप दिलेली शीट. हवी असते ती हीच.

उलटी चूक जास्त महागात पडते. इंकजेटची फिल्म लेझर प्रिंटरमध्ये घातली तर टोनर वितळवणाऱ्या फ्यूजरच्या उष्णतेने लेप सुटू शकतो किंवा शीट आतच चिकटू शकते. दहा-वीस रुपयांच्या शीटपायी प्रिंटर दुरुस्तीला न्यावा लागतो. त्यामुळे सुटी शीट घेताना मूळ पाकीट दाखवायला सांगावे आणि त्यावर ‘इंकजेट’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे. ओएचपी प्रोजेक्टर जवळपास हद्दपार झाल्याने काही दुकानांतील माल वर्षानुवर्षे पडून असतो. पिवळसर पडलेली, एकमेकींना चिकटलेली किंवा बोटांचे ठसे उमटलेली शीट घेऊ नये.

लेपाची बाजू ओळखायची सोपी रीत म्हणजे कोपऱ्याला किंचित ओलसर बोट लावणे. बोट चिकटल्यासारखे वाटते ती छापायची बाजू. काही शीटवर त्यासाठी कोपऱ्यात खाच किंवा कडेला पांढरी पट्टी दिलेली असते.

प्रिंटरची शाई कोणती, याने काय फरक पडतो?

फिल्मइतकेच महत्त्व शाईला आहे. इंकजेटची शाई दोन प्रकारची असते. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, तर पिगमेंट शाईत रंगाचे घन कण तरंगत असतात. काळ्या पिगमेंट शाईत कार्बनचे कण असतात आणि कार्बन दृश्य प्रकाशाबरोबर अतिनील किरणही चांगले शोषतो. काळ्या डाय शाईचे तसे नाही. ती डोळ्याला गडद दिसते, पण अनेकदा अतिनील किरणांचा बराच भाग सोडून देते.

घराघरांत असलेल्या टँक प्रिंटरमध्येही हा फरक आहे. एचपी आणि कॅनॉनच्या अनेक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि रंगीत शाई डाय असते. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या बाटल्यांतील चारही रंग डाय प्रकारचे आहेत, तर ००१ क्रमांकाच्या मालिकेतील काळी शाई पिगमेंट आहे. त्यामुळे फिल्म घेण्याआधी आपल्या प्रिंटरची शाई तपासणे ही पहिली पायरी. बाजारातील स्वस्त ‘कम्पॅटिबल’ शाई भरली असेल, तर बाटलीवरचा मजकूर पुन्हा वाचावा लागतो.

इथे एक मेख आहे. सेटिंगमध्ये ‘फोटो पेपर’ निवडले की अशा मिश्र शाईच्या प्रिंटरपैकी अनेक प्रिंटर पिगमेंटची काळी शाई वापरतच नाहीत; तीन रंगीत शाया मिसळून काळा रंग तयार करतात. पिगमेंट काळी हवी असेल तर ‘प्लेन पेपर’ आणि सर्वोच्च दर्जा हे सेटिंग करून पाहावे. याउलट प्रिंटर पूर्ण डाय शाईचा असेल तर ‘फोटो पेपर’ सेटिंगमध्ये शाई जास्त पडते आणि मिश्र काळ्यातील पिवळा रंग जांभळ्याच्या जवळचे किरण अडवायला मदत करतो. दोन्ही सेटिंगवर छोटा नमुना काढून तुलना करणे उत्तम.

पिगमेंट शाईचे कण मोठे असल्याने ते फुगणाऱ्या लेपात शिरत नाहीत, वरच बसतात आणि पुसले जातात. त्यामुळे पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तर सूक्ष्म छिद्रांची दुधट फिल्मच घ्यावी.

काळा रंग पुरेसा काळा आहे, हे कसे ठरवायचे?

छपाईत यासाठी ‘घनता’ हे माप वापरतात. घनता १ म्हणजे दहा टक्के प्रकाश आरपार जातो, २ म्हणजे एक टक्का आणि ३ म्हणजे ०.१ टक्का. छापखान्यांसाठी काढल्या जाणाऱ्या व्यावसायिक फिल्मची घनता ४ च्या घरात असते. घरच्या प्रिंटरवर तेवढी मिळत नाही, पण दोन फिल्म एकावर एक ठेवल्या की घनतांची बेरीज होते. दीडच्या दोन फिल्म मिळून तीन. म्हणजे तीन टक्क्यांची गळती थेट ०.१ टक्क्यावर येते. त्यासाठी दोन्ही प्रती भिंगाखाली तंतोतंत जुळवून कडेने चिकटपट्टी लावावी लागते.

घनता मोजण्याचे यंत्र घरी नसते, मात्र साधी चाचणी करता येते. पांढऱ्या झेरॉक्स कागदात उजळपणासाठी घातलेली रसायने अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. अंधाऱ्या खोलीत अशा कागदावर छापील फिल्म ठेवून नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चचा प्रकाश टाकावा. कोऱ्या भागाखाली कागद चमकला पाहिजे, काळ्या भागाखाली नाही. काळ्याखालीही चमक दिसली तर ती फिल्म, शाई किंवा सेटिंग बदलावे. टॉर्चच्या झोताकडे थेट पाहू नये.

बोर्ड कोणत्या प्रकारचा, यावर निवड बदलते का?

बदलते. फोटोरेझिस्ट पॉझिटिव्ह असेल तर किरण पडलेला भाग धुऊन जातो. तिथे ट्रॅक काळे छापायचे असतात. ऑनलाइन सहज मिळणारी निळी ‘ड्राय फिल्म’ निगेटिव्ह असते. तिच्यात किरण पडलेला भाग कडक होऊन टिकतो, म्हणून ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळे काळे छापावे लागते.

त्यामुळे दोषांचा परिणामही वेगळा होतो. पॉझिटिव्ह बोर्डवर काळ्या ट्रॅकमध्ये टाचणीएवढे छिद्र राहिले तर तिथले तांबे खाल्ले जाते आणि ट्रॅक तुटू शकतो. निगेटिव्ह ड्राय फिल्ममध्ये काळ्या पार्श्वभूमीत छिद्र राहिले तर तिथे तांब्याचा ठिपका शिल्लक राहतो आणि दोन जवळच्या ट्रॅकमध्ये शॉर्ट होऊ शकतो. निगेटिव्हमध्ये काळा भाग मोठा असल्याने शाईही जास्त पडते. हलक्या फिल्मवर ती ओघळते. ड्राय फिल्म वापरणाऱ्यांनी म्हणूनच शाई जास्त पेलणारी फिल्म निवडावी.

नागपूरच्या हवेचा काय संबंध?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. फिल्म सुकायला ती चांगली. पण प्रिंटरच्या हेडमधील बारीक छिद्रांतही शाई सुकते. मग काळ्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि प्रत्येक रेघ म्हणजे बोर्डवरचा संभाव्य दोष असतो. छापण्यापूर्वी ‘नोझल चेक’ची एक प्रत साध्या कागदावर काढणे त्यामुळे आवश्यक ठरते.

त्याच दिवसांत घरोघरी कूलर लागलेले असतात. कूलरची हवा दमट असते आणि फिल्मचा लेप ओलावा ओढून घेतो. फिल्मचे उघडे पाकीट कूलरच्या खोलीत ठेवू नये. पावसाळ्यात तर फुगणाऱ्या लेपाची फिल्म तासाभरानंतरही बोटाला चिकटू शकते. पाकिटातील सिलिका जेलची पुडी न फेकता फिल्म हवाबंद पिशवीत ठेवावी आणि छापल्यानंतर ती पूर्ण सुकेपर्यंत बोर्डवर ठेवू नये. ड्राय फिल्मची गुंडाळी मात्र थंड आणि अंधाऱ्या जागी हवी. उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा गच्चीलगतच्या खोलीत ती खराब होते.

उन्हात एक्स्पोजर देण्याचा मोहही नागपुरात सहज होतो. पण ऊन तासागणिक आणि ढगांनुसार बदलते. एकदा जमलेली वेळ दुसऱ्यांदा जमेलच असे नाही. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या एलईडीची छोटी पेटी केली तर वेळ कायम राहते.

छापताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

पहिली गोष्ट माप. प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवावे. खात्रीसाठी आधी कागदावर प्रत काढून तिच्यावर प्रत्यक्ष आयसी ठेवून पाहावा. ४० पायांच्या आयसीच्या एका बाजूच्या पहिल्या आणि विसाव्या पायात ४८.२६ मिलिमीटर अंतर असते. छापील खुणा तेवढ्याच हव्यात.

दुसरी गोष्ट बाजू. शाईची बाजू बोर्डकडे यायला हवी. ती वर ठेवली तर शाई आणि फोटोरेझिस्ट यांच्यात फिल्मची साधारण ०.१ मिलिमीटर जाडी येते. तिरपे किरण रेषेच्या कडेखाली शिरतात आणि पाव मिलिमीटरचा ट्रॅक बारीक किंवा धूसर होतो. कीकॅडसारखी सॉफ्टवेअर दोन्ही थर वरूनच पाहिल्यासारखे दाखवतात. त्यामुळे शाई खाली ठेवायची असेल तर बोर्डच्या खालच्या थराची प्रत जशी आहे तशी, आणि वरच्या थराची प्रत आरशातील प्रतिमेसारखी उलटी छापावी लागते. तांब्यावर एखादे अक्षर टाकून ठेवले की चूक लगेच लक्षात येते.

तिसरी गोष्ट, प्रिंटरला पारदर्शक शीट ‘दिसत’ नाही. ‘कागद नाही’ असा संदेश आला तर शीटच्या पुढच्या कडेच्या मागील बाजूस पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवावी.

फिल्म मिळालीच नाही तर?

स्क्रीन प्रिंटिंग आणि वास्तुरचनेच्या कामात वापरला जाणारा ‘गेटवे’ ट्रेसिंग पेपर हा जुना पर्याय. लेझर प्रिंटरवर तो चालतो आणि अतिनील किरणही बऱ्यापैकी सोडतो. मात्र प्रिंटरच्या उष्णतेने तो किंचित आकसतो. लहान बोर्डवर हे जाणवत नाही, मोठ्या बोर्डवर छिद्रे जुळत नाहीत. इंकजेटच्या शाईने तो सुरकुततो. दुसरा पर्याय म्हणजे चकचकीत कागदावर लेझर प्रिंट काढून इस्त्रीने टोनर थेट तांब्यावर उतरवणे. त्यात फिल्म आणि फोटोरेझिस्ट दोन्ही लागत नाहीत. एक मिलिमीटरच्या आसपासच्या जाड ट्रॅकला ते पुरते. बारीक ट्रॅक आणि जवळजवळ पायांच्या चिपसाठी फिल्मचीच पद्धत बरी.

पूर्ण पाकीट घेण्याआधी काय करावे?

शक्य असल्यास दोन-तीन सुट्या शीट घ्याव्यात. एका शीटवर ०.२ ते १ मिलिमीटरच्या रेषा, त्यांच्यातील तेवढीच अंतरे आणि एक भरीव काळा चौकोन छापावा. टाकाऊ बोर्डच्या तुकड्यावर पुठ्ठा दर ३० सेकंदांनी सरकवत एक्स्पोजर द्यावे आणि डेव्हलप करावे. निगेटिव्ह ड्राय फिल्मसाठी लिटरभर पाण्यात सुमारे १० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. पॉझिटिव्ह बोर्डसाठी कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण लागते. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. कोऱ्या भागाचे काम पूर्ण झाले आणि काळ्या भागाखालचा थर जसाच्या तसा राहिला, अशी वेळ दोन-तीन पट्ट्यांवर मिळाली तर फिल्म चांगली. एकाच पट्टीवर जेमतेम जमले तर ती फिल्म रोजच्या कामाला भरवशाची नाही.

उरलेल्या द्रावणाचे काय?

वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये विरघळलेले तांबे असते आणि ते जलचरांना घातक आहे. मोरीत ओतलेले पाणी नागपुरात नाल्यांवाटे नाग नदीत आणि पुढे कन्हान, वैनगंगेपर्यंत जाते. द्रावण झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात साठवून पुन्हा वापरता येते. ते निकामी झाल्यावर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घातक कचऱ्यासोबत जमा करणे हा योग्य मार्ग. धातूच्या भांड्यात ते कधीही ठेवू नये.

दहा-वीस सारखे बोर्ड हवे असतील किंवा दोन्ही बाजू जोडणारी, आतून तांबे चढवलेली छिद्रे लागणार असतील तर कारखान्याला पर्याय नाही. पण एकच बोर्ड, तोही उद्या हवा असेल तर घरची पद्धत आजही उपयोगी आहे. त्यासाठी दुकानात ‘ओएचपी शीट द्या’ एवढेच म्हणून चालणार नाही. शीट इंकजेटची आहे का, लेप दुधट छिद्रांचा की फुगणारा, आणि आपल्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंट की डाय, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली की खरेदी सहसा चुकत नाही.